नामदार गोखले आणि शिक्षणाचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या लहानशा खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. गोपाळराव तेरा वर्षांचे असतानाच त्यांचे वडील निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा १५ रुपयांची नोकरी होती. त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. पैशावाचून हुशार मुलाचेही शिक्षण कसे अडते, हे गोपाळरावांनी अशा रीतीने बालपणीच जाणले.

१८८४ मध्ये पदवीधर झाल्यावर मोठ्या पगाराचा मोह टाळून ते पुण्यास शिक्षक झाले. अंकगणितावर त्यांची विशेष प्रीती होती. पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवालांचा कसून अभ्यास केला. सरकारला कोणत्या गोष्टीची खरी कळकळ आहे, हे त्याच्या जमाखर्चावरून ओळखावे, अशी दृष्टी त्यांना या अभ्यासाने लाभली.

१९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मोठी शिल्लक होती व सरकारला तिचा अभिमान वाटत होता. गरीब रयतेवर कराचा भार आवश्यकतेपेक्षा अधिक असल्यामुळेच ही शिल्लक पडते, हे गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी ते वर्षानुवर्षे करीत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार, सरकारच्या संमतीने, स्थानिक संस्थांना मिळावा, अशी त्यात योजना होती. केवळ सक्ती करून भागणार नाही, हे गोखले जाणून होते. म्हणून खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने व दोन भाग सरकारने सोसावेत, तसेच महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, असे त्यांनी सुचविले. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण सर्वत्र लागू केले होते; तो दाखला समोरच होता.

तथापि खर्च झेपणार नाही, लोकांची तयारी नाही, असे आक्षेप निघाले. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. गोखल्यांना हा पराभव अनपेक्षित नव्हता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात येण्यास मात्र १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

कायदा झाला, तरी हिशेब संपत नाही. बीड जिल्ह्यातील वडवणी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दूर जातात. आईबाप कोयता घेऊन निघाले, म्हणजे मुलांनी राहावे कोठे आणि जेवावे कोठे? अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. त्याकरिता गावोगावी मुलांची गणना व्हावी लागते, जिल्हा परिषदेकडून प्रस्ताव जावा लागतो, अंदाजपत्रकात तरतूद व्हावी लागते आणि मंजूर रक्कम वेळेवर पोचावी लागते. यांतील एक दुवा निखळला, तरी मूल शाळेऐवजी उसाच्या फडात जाते. विद्येच्या प्रत्येक संकल्पाशेजारी खर्चाचा आकडा मांडणाऱ्या नामदार गोखल्यांचे मोठेपण येथे उमगते.