इब्न अल-हैसम : वक्ररेषेचा कणा शोधणारा विद्वान

सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोत, अल-अझहर मशिदीच्या दाराजवळच्या घुमटाखाली एक विद्वान राहत. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ यांच्या नकला ते दरवर्षी स्वतःच्या हाताने उतरवून काढीत. त्या विकून येणाऱ्या १५० दिनारांवर त्यांचे वर्ष निघे, असे जुने चरित्रकार सांगतात. त्यांचे नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. युरोप त्यांना अल्हाझेन म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म सन ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा येथे झाला. नाईलच्या पाण्याचे नियमन करता येईल, असे त्यांचे म्हणणे इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या कानी गेले. खलिफाने त्यांना मोठ्या मानाने बोलावून घेतले. कारागिरांचा ताफा घेऊन ते नदीकाठाने दक्षिणेला अस्वानच्या बाजूला गेले. वाटेत प्राचीन इजिप्तच्या भव्य वास्तू दिसत होत्या. एवढे कसबी लोक जे करू शकले नाहीत ते आपल्याच्यानेही होणार नाही, हे त्यांना कळून चुकले. परत येऊन त्यांनी खलिफासमोर अपयश कबूल केले. खलिफाने त्यांना सरकारी जागा दिली. पण त्याचा लहरी स्वभाव सर्वांना ठाऊक होता. जीव वाचवण्यासाठी इब्न अल-हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना घरातच कोंडण्यात आले. १०२१ मध्ये हाकिमचा अंत झाला, तेव्हा कुठे हे सोंग उतरले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १०२४ मध्ये, त्यांनी ग्रीक गणिती अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवरील ग्रंथाची अरबी नक्कल स्वतःच्या हाताने उतरवली. ती आजही इस्तंबूलमध्ये जपून ठेवली आहे. या ग्रंथाचे पाचवे ते सातवे भाग मूळ ग्रीकमध्ये हरवले. ते जगाला मिळाले ते अरबीमुळेच. आठवा भाग मात्र कुठेच उरला नव्हता. त्यात काय असावे याचा तर्क करून तो नव्याने लिहिण्याचे कामही इब्न अल-हैसम यांनी केले.

शंकुच्छेदांपैकी एक म्हणजे अन्वस्त, अर्थात पॅराबोला. तिरका फेकलेला चेंडू साधारण याच वाटेने वर जाऊन खाली येतो. समजा, कागदावर असा एक वक्र तिरकाच काढून ठेवला आहे. त्याचे दोन सारखे भाग करणारी रेषा, म्हणजे सममिती अक्ष, कुठे आहे? आणि त्या अक्षावरचे टोक, म्हणजे शिरोबिंदू, कुठे? अपोलोनियसची रीत सोपी आहे. वक्राला दोन ठिकाणी छेदणाऱ्या दोन समांतर जीवा काढायच्या आणि त्यांचे मध्यबिंदू जोडायचे. मिळालेली रेषा अक्षाला समांतर असते. पण ती अक्षच असेल असे नाही. म्हणून तिला काटकोनात आणखी एक जीवा काढून तिचा मध्य घ्यायचा. त्या मध्यातून पहिल्या रेषेला समांतर ओढलेली रेषा हाच अक्ष. तो वक्राला जिथे भेटतो तो शिरोबिंदू.

अक्षाला एवढे महत्त्व का, हे इब्न अल-हैसम यांच्या दाहक आरशांवरील प्रबंधातून कळते. गोलाकार आरशावर पडलेले सूर्यकिरण एका जागी नीट जमत नाहीत. आरसा अन्वस्ताच्या आकाराचा असेल, तर अक्षाला समांतर येणारा प्रत्येक किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूवर पोहोचतो आणि तिथे आग पेटते. प्राचीन ग्रीकांना हा गुण माहीत होता. इब्न अल-हैसम यांनी त्याची सविस्तर सिद्धता मांडली. आरशाचा अक्ष सूर्याकडून ढळला, तर किरण विखुरतात. आज गच्चीवर डिश बसवणारा कारागीर ती उपग्रहाच्या दिशेने नेमकी वळवतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

अन्वस्त त्याच्या अक्षाला काटकोनात असलेल्या रेषेभोवती फिरवला, तर होणाऱ्या घनाकृतीचे घनफळही त्यांनी काढले. ते तिला वेढणाऱ्या वृत्तचितीच्या ८/१५ भरते. प्रकाशावरचा त्यांचा सात भागांचा ‘किताब अल-मनाझिर’ लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बासेल येथे छापला गेला.

सन १०४० च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले. आजचा विद्यार्थी य = क्ष² − ६क्ष + ५ हा वक्र काढतो. क्ष १ असताना आणि ५ असताना य शून्य होतो. या दोहोंचा मध्य ३, म्हणून क्ष = ३ हा अक्ष; तिथे य ची किंमत −४, म्हणून शिरोबिंदू (३, −४). समीकरणाची ही भाषा नंतरची आहे. सारख्या उंचीवरचे दोन बिंदू घेऊन त्यांचा मध्य गाठण्याची युक्ती मात्र जुनीच, घुमटाखालच्या त्या नकलनविसाने १०२४ मध्ये हाताने उतरवून ठेवलेली.