कमलाबाई सोहोनी

भागवतांच्या घरी रसायनशास्त्राची उपासना चालत आलेली होती. नारायणराव व माधवराव हे दोघे बंधू बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. नारायणरावांच्या पोटी कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन तेव्हा तेथील संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी तो नाकारला. कमलाबाई तडक बंगळुरास गेल्या, नकाराचे कारण विचारू लागल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निश्चय त्यांनी बोलून दाखविला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशीही तंबी होती. एवढ्या थोर शास्त्रज्ञाच्या हातून हे घडावे, ही खेदाची गोष्ट होय.

अपमान गिळून कमलाबाई कामाला लागल्या. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. लातूर-नांदेडकडे गरिबाच्या घरी रोज शिजणारे तुरीचे वरण त्याच्या देहाला काय देते, हे अशाच संशोधनाने कळते. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले व संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले.

पुढे केंब्रिज येथे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर प्रयोग करीत असता सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे त्यांना आढळले. त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे सोपवितो. विहिरीपासून रांजणापर्यंत घागर हातोहाती जावी, तसा इलेक्ट्रॉन शेवटी प्राणवायूपाशी पोचतो आणि वाटेत जिवाला शक्ती लाभते. अवघ्या चाळीसेक पृष्ठांच्या या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

आता अशा रेणूंवर क्ष-किरणांचे झोत टाकतात. एकेक झोत सेकंदाच्या लक्ष कोटीव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. सायटोक्रोम-सीमधील लोह व गंधक यांचा बंध तुटून पुन्हा जुळताना अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे टिपला गेला व तो निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. हा बंध शाबूत असतो, तोवरच हे प्रथिन इलेक्ट्रॉन वाहण्याचे आपले काम करते.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीस व कुन्नूरला काम केले. १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि विज्ञानसंस्थेत अध्यापन करू लागल्या. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले. आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो, असे दिसून आले. या कार्याबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र बरेच उशिरा लाभले. निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत रमल्या. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या गृहिणींना समजावून देत. १९९८ साली त्यांचे निधन झाले.