चोरबाजारातला जुना प्रोजेक्टर उघडला आणि कोल्हापूरच्या पेंटरने सिनेमाचा कॅमेरा बनवला

दहिवडी असो, म्हसवड असो नाहीतर आटपाडी. कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात डोकावलं की मागच्या बाजूला एक ढीग दिसतोच. बंद पडलेले सीपीयू, धूळ खात पडलेले मदरबोर्ड, कुणीतरी ठेवून गेलेली आणि परत न्यायला न आलेली हार्डडिस्क. दुकानदाराच्या लेखी हे सगळं भंगार.

पण सध्या अशाच भंगारातून घरच्या घरी सर्व्हर उभा करायचं वेड बऱ्याच पोरांना लागलंय. जुना डेस्कटॉप घ्यायचा, कुठून तरी रॅम काढायची, एखादी मोठी हार्डडिस्क जोडायची, लिनक्स टाकायचं आणि वायफायच्या राऊटरला वायर लावून डबा कपाटावर ठेवून द्यायचा. घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं सगळं त्यात. दर महिन्याला कुणाला भाडं द्यायला नको.

यातली गंमत अशी की सर्व्हर म्हणजे काही वेगळं जादुई यंत्र नसतं. आपला साधा कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्या पोटात जवळपास तेच पार्ट असतात. एक मागतो, दुसरा देतो. यंत्र तेच, फक्त काम उलटं.

ही गोष्ट साधारण 110 वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या दोघांच्या लक्षात आली होती. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. त्यांच्यासमोर होता सिनेमा दाखवायचा एक जुना प्रोजेक्टर.

त्या दोघांपैकी एकाला आज आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

मेस्त्रीचे पेंटर झाले ते असे

बाबूरावांचं मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म 3 जून 1890, कोल्हापूर. घरात कारागिरी होती. लाकूडकाम, मूर्तिकाम, रंगकाम हे सगळं बघत बघतच ते मोठे झाले. शाळेचं शिक्षण बेताचंच.

नात्याने भाऊ असलेले आनंदराव आणि बाबूराव ही जोडी नाटकाचे पडदे रंगवायची. तो जमाना संगीत नाटकांचा. पडद्यावर राजवाडा, जंगल, रस्ता असं काही रंगवायचे की बघणाऱ्याला खोली जाणवायची. नाटक कंपन्यांकडून कामं येऊ लागली. लोक मेस्त्री विसरले आणि पेंटर हेच आडनाव होऊन बसलं.

सगळं बरं चाललं होतं. अशात 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला.

आता अडचण काय होती ते बघा. फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. त्यासोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्र वगैरे इतर सामानही होतं. त्यापायी ते किती कर्जात गेले, काय काय गहाण टाकलं, हे आपण ऐकून आहोत. पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरच्या दोन कारागिरांना विलायतेची वारी परवडणारी नव्हती. यंत्र शिकवणारं कॉलेज जवळपास नव्हतं, यूट्यूब तर सोडूनच द्या.

मग त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला.

प्रोजेक्टर उघडला की कॅमेरा दिसतो

प्रोजेक्टर आणल्यावर त्यांनी आधी त्यावर पोट भरलं. सिनेमे दाखवले, तिकिटाचे पैसे मिळवले. आणि रोज ते यंत्र चालवता चालवता त्याच्या आत काय घडतंय ते बारकाईने पाहत राहिले.

आत घडतं काय? आपल्याला वाटतं फिल्म प्रोजेक्टरमधून सरसर पळत असते. तसं नसतं. ती थांबत थांबत जाते. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, प्रत्येक चित्रामागे एका बाजूला चार. त्या भोकांत दात अडकवून यंत्र फिल्मला एका चित्राएवढं खाली ओढतं आणि क्षणभर थांबवतं. ओढत असताना समोरची झडप बंद होते, थांबल्यावर उघडते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण 16 वेळा व्हायचं. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर 16 चित्रं म्हणजे बरोबर 1 फूट लांबी. हँडल हाताने फिरवायचं, सेकंदाला दोन फेरे.

कॅमेऱ्यातही अगदी हेच होतं. ओढा, थांबवा, झडप उघडा, झडप बंद करा. फरक एवढाच की प्रोजेक्टरमध्ये दिवा आत असतो आणि चित्र बाहेर पडद्यावर पडतं. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड भिंगातून आत येतो आणि कोऱ्या फिल्मवर चित्र उमटतं. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये जे यंत्र जगाला दाखवलं, ते तर एकच यंत्र चित्रीकरणही करायचं आणि सिनेमाही दाखवायचं.

सांगायला हे सोपं आहे. करायला अजिबात नाही.

पहिली अडचण अंधाराची. प्रोजेक्टरच्या पेटीतून थोडा उजेड बाहेर आला तर काही बिघडत नाही. पण कॅमेऱ्याच्या पेटीत सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी सगळी फिल्म वाया जाते. दुसरी अडचण मापाची. डीडीआर 3 ची रॅम डीडीआर 4 च्या खाचेत बसत नाही, हे जुने पार्ट जोडणाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळतं. इथे त्याहून बारीक प्रकरण होतं. फिल्म ओढणारा दात प्रत्येक वेळी त्याच जागी थांबला पाहिजे. केसभर इकडेतिकडे झालं की तेच चित्र मोठ्या पडद्यावर थरथरताना दिसतं. तिसरी अडचण म्हणजे चूक झाली हे कळायचंच उशिरा. फिल्म धुवून, छापून, प्रोजेक्टरवर लावल्याशिवाय काय फसलं ते समजत नाही.

हे काम चालू असतानाच 1916 साली आनंदराव गेले.

कॅमेरा अजून झालेला नव्हता. दोघांनी मिळून घेतलेला ध्यास, त्यातला एक अर्ध्यात निघून गेला. इथे हा विषय संपला असता तर कुणी बाबूरावांना नावं ठेवली नसती. पडदे रंगवायचं काम हातात होतंच.

पण त्यांनी तो खटाटोप सोडला नाही. मदतीला आले विष्णुपंत दामले. मूळचे पेणचे, कोल्हापुरात बाबूरावांच्या हाताखाली चित्रकला शिकायला आलेले, आणि यंत्राच्या कामात तरबेज निघालेले. या गुरुशिष्यांनी मिळून 1918 साली चालणारा कॅमेरा तयार केला. भारतात बनलेला पहिला सिनेमा कॅमेरा अशी त्याची ओळख सांगितली जाते.

कॅमेरा तर झाला, पुढे काय?

कॅमेरा एकटा काही करत नाही. फिल्म लागते, नट लागतात, जागा लागते, पैसा लागतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापना दिवस 1 डिसेंबर 1917 मानला जातो. पैशाचा भार उचलला गायिका तानीबाई कागलकर यांनी. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला.

कंपनीचा पहिला सिनेमा सैरंध्री. 7 फेब्रुवारी 1920 ला पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये तो लागला. यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या होत्या, जे त्या काळी सोपं नव्हतं. भीमाने कीचकाला मारल्याचा प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले.

नंतरचे सिनेमे पटापट आले. 1923 च्या सिंहगडसाठी बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं, जेव्हा बाकीचे सूर्य मावळला की दुकान बंद करायचे. सिनेमाची पोस्टर ते स्वतः रंगवायचे.

आणि मग 1925 चा सावकारी पाश. देवादिकांच्या आणि राजामहाराजांच्या गोष्टी तुफान चालत असताना बाबूरावांनी एका साध्या शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर जमीन बळकावतो आणि शेतकऱ्याला गाव सोडून मुंबईत गिरणी कामगार व्हावं लागतं. माणदेशात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाऊस हुलकावणी देतो, कर्ज वाढतं, आणि घरातला एक तरी माणूस बाहेरची वाट धरतो. त्यात शेतकऱ्याची भूमिका करणारा तरुण होता व्ही. शांताराम, जो 1920 मध्ये पडेल ते काम करायला कंपनीत आला होता.

सिनेमा तेव्हा फार चालला नाही. बाबूरावांनी 1936 मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा केला. हट्टच म्हणायचा.

दुःखाची गोष्ट ही की कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी आणि नीट न ठेवल्यास आपोआप सडणारी. प्रतीही मोजक्याच निघायच्या. आज घरी सर्व्हर करणारा पहिला धडा शिकतो तो डेटाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा. तेव्हा ती सोय कुणाकडे होती?

शिष्य निघून गेले

1929 साली दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कंपनी सोडली. सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्यांनी बाबूरावांच्या हाताखाली ब्रश आणि यंत्र दोन्ही धरायला शिकलं, तेच आता समोर उभे होते. दामले-फत्तेलाल यांच्या 1936 च्या संत तुकारामाने पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नाव कमावलं.

बाबूराव 1930 च्या सुमारास स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. बोलपटांच्या जमान्यात उषा आणि प्रतिभासारखे मोजकेच सिनेमे त्यांनी केले. बाकी वेळ चित्रं आणि मूर्ती. गुरूपेक्षा शिष्यांचं नाव मोठं झालं आणि आज अनेकांना प्रभात माहीत असतं, पण त्याआधीचा कॅमेरा माहीत नसतो. हे जरा चुकलंच.

पण माणदेशाचा एक धागा इथे जोडला जातो. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर नशीब काढायला कोल्हापूरला आले ते याच सिनेमाच्या गावात. 1938 च्या ब्रह्मचारीमध्ये त्यांनी छोटी भूमिका केली. पुढे 1947 मध्ये लोकशाहीर रामजोशी आला, तेव्हा लेखन गदिमांचं होतं, निर्मिती शांतारामांची, आणि दिग्दर्शनात नाव होतं बाबूराव पेंटर यांचं. शिष्याने गुरूला परत बोलावलं होतं. 1957 च्या दो आँखें बारह हाथची पटकथाही गदिमांचीच. त्या सिनेमामागची प्रेरणा आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, औंध संस्थानाने कैद्यांसाठी वसवलेली बिनभिंतींची वसाहत.

तो सिनेमा बघायला बाबूराव नव्हते. 16 जानेवारी 1954 ला कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज एक स्तंभ उभा आहे. त्यावर कॅमेरा आहे. दरवर्षी 1 डिसेंबरला सिनेमावाले तिथे जमतात आणि त्या कॅमेऱ्याला हार घालतात.