मुलींना मैदान देणाऱ्या सेंडाबाई



बास्केटबॉल हा खेळ आपल्या माळव्यात आता कुणाला नवा नाही. इंदूरला रेसकोर्स रस्त्यावर तर खास बास्केटबॉलसाठी बांधलेले संकुल आहे. पण मुलींच्या हाती हा चेंडू पहिल्यांदा कुणी दिला, असे विचारले तर आपल्यापैकी फार थोड्यांना उत्तर देता येईल. म्हणून या अंकात आम्ही सेंडा बेरेन्सन यांची ओळख करून देत आहोत. कॉलेजातील मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या त्या पहिल्या शिक्षिका. त्यांना जाऊन आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न आपल्या घराघरांत आजही आहे, असे आम्हांला वाटते.

सेंडाबाईंचा जन्म १९ मार्च १८६८ रोजी लिथुआनियातील बुट्रिमोनिस या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. घरची परिस्थिती बेताची. पोटापाण्यासाठी वडील अमेरिकेत बोस्टन शहरी गेले आणि १८७५ साली बायकामुलेही त्यांच्यापाठोपाठ तिथे पोहोचली. वडील दारोदार फिरून किरकोळ माल विकत. नव्या देशात घराण्याचे अवघड आडनाव मागे पडले आणि बेरेन्सन हे नवे आडनाव रूढ झाले. नोकरी-धंद्यासाठी गाव सोडून परमुलखात स्थिरावणे म्हणजे काय, हे आपल्या पीथमपूरच्या अनेक कुटुंबांना वेगळे सांगायला नको. सेंडाबाईंचे थोरले बंधू बर्नार्ड पुढे इटलीतील जुन्या चित्रकलेचे जगप्रसिद्ध जाणकार झाले.

भाऊ अभ्यासात चमकत होता, पण सेंडा मात्र लहानपणापासून नाजूक प्रकृतीची. सतत काही ना काही दुखणे. तिला पियानोची आवड होती. त्यासाठी तिने संगीतशाळेत नावही घातले, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि ते शिक्षण अर्धवट सोडावे लागले. तेव्हा तब्येत सुधारावी म्हणून १८९० साली ती बोस्टनमधील एका व्यायामशिक्षण संस्थेत दाखल झाली. मेरी हेमेनवे या दानशूर बाईंच्या पैशातून ही संस्था निघाली होती आणि एमी मॉरिस होमन्स या शिस्तप्रिय बाई ती चालवीत. तिथे स्वीडिश पद्धतीची कवायत शिकवीत. सुरुवातीला सेंडाला हे सगळे नकोसे वाटे, साधे प्रकारही झेपत नसत. मात्र काही महिन्यांत अंगात बळ येऊ लागले, झोप-भूक सुधारली आणि मनही उल्हसित राहू लागले. व्यायामाने माणूस कसा बदलतो हे तिने पुस्तकात नव्हे, स्वतःच्या शरीरावर अनुभवले. तिथून तिच्या आयुष्याची दिशाच बदलली.

तो काळ कसा होता हेही लक्षात घेतले पाहिजे. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली. म्हणजे तिकडे मुलींसाठी कॉलेजे निघाली होती, पण त्यांच्याविषयीच्या शंका संपल्या नव्हत्या. एडवर्ड क्लार्क नावाच्या हार्वर्डच्या एका डॉक्टरांनी १८७३ साली पुस्तक लिहून असे मत मांडले होते की, मुलांसारखा कसून अभ्यास केला तर मुलींची प्रकृती बिघडते आणि पुढे संसाराला त्या निकामी ठरतात. या मताचा पगडा मोठा होता. त्यामुळे मुलींच्या कॉलेजांनी अभ्यासाबरोबर व्यायामही सक्तीचा केला. मुली धडधाकट राहिल्या तरच त्यांचे शिक्षण टिकणार होते. व्यायामशिक्षिकेच्या खांद्यावर त्या काळी एवढी मोठी जबाबदारी होती.

जानेवारी १८९२ मध्ये सेंडाबाई मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन गावच्या स्मिथ कॉलेजात रुजू झाल्या. मुलींचे हे कॉलेज १८७५ साली सुरू झाले होते. तिथल्या शिक्षिका आजारी पडल्याने बदली म्हणून त्या गेल्या आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे तिथेच राहिल्या. कॉलेजची व्यायामशाळा नवी कोरी होती, पण मुलींना कवायतीचा भारी कंटाळा. हात वर, हात खाली, एक-दोन-तीन-चार! सक्ती म्हणून त्या येत आणि तास संपण्याची वाट पाहत. मन रमले नाही तर शरीर घडणार नाही, हे सेंडाबाईंनी ओळखले.

त्याच सुमारास नॉर्थॅम्प्टनपासून साधारण तीस किलोमीटरवर, म्हणजे आपल्या पीथमपूरहून इंदूर जेवढे आहे जवळजवळ तेवढ्याच अंतरावर, स्प्रिंगफील्ड येथे एक नवा खेळ जन्माला आला होता. आपल्या शेजारच्या महूला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला ते १८९१ हे साल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात तरुणांना छपराखाली खेळता यावे म्हणून हा खेळ तयार केला. सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू झाला. टोपलीला तळ असल्यामुळे प्रत्येक वेळी कुणीतरी वर चढून चेंडू काढावा लागे. टोपल्या गेल्या, पण ती दहा फुटांची उंची आजही तशीच आहे.

नायस्मिथ यांच्या संस्थेच्या पत्रिकेत या खेळाची माहिती सेंडाबाईंनी वाचली. कुणी पुढाकार घेण्याची वाट न पाहता १८९२ मध्येच त्यांनी तो आपल्या मुलींना शिकवायला घेतला. कवायतीला कंटाळणाऱ्या त्याच मुली आता धावू लागल्या, एकमेकींना हाका मारू लागल्या, हरल्या तर हळहळू लागल्या.

मार्च १८९३ मध्ये स्मिथ कॉलेजात दोन वर्गांचा सामना ठरला. पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या मुली. ढगळ तुमानी घातलेल्या मुलींना परपुरुषांनी पाहणे त्या काळी अशिष्ट मानीत, म्हणून पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. व्यायामशाळा मुलींनी आपापल्या वर्गाच्या रंगांनी सजवली होती आणि घोषणांनी दणाणून सोडली होती. सेंडाबाईंनी खेळ सुरू करण्यासाठी चेंडू वर उडवला आणि पहिल्याच क्षणी पहिल्या वर्षाच्या कर्णधार मुलीचा खांदा निखळला! तिला आत नेऊन खांदा बसवला आणि सामना पुढे चालू झाला. अखेर दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी ५-४ असा विजय मिळवला. मुलींच्या बास्केटबॉलच्या इतिहासाची सुरुवात याच सामन्यापासून धरली जाते.

सेंडाबाईंचे मोठेपण आम्हांला यापुढच्या भागात दिसते. खांदा निखळल्यावर खेळ बंद करणे सोपे होते. मुलींना हे जमणारे नाही, असे म्हणणारे तयारच होते. आणखी दोन-चार दुखापती झाल्या असत्या, तर कॉलेजने आणि पालकांनी तो बंदही पाडला असता. सेंडाबाईंनी खेळ चालू ठेवला आणि नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले. प्रत्येक खेळाडूने आपल्याच भागात राहायचे, रेषा ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावून घ्यायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू धरून ठेवायचा नाही आणि तीनपेक्षा जास्त टप्पे मारायचे नाहीत.

आपल्या खो-खोची आठवण करा. पाठलाग करणाऱ्या मुलीला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. तरी खेळ कंटाळवाणा होत नाही, कारण खो कधी आणि कुणाला द्यायचा याचे गणित डोक्यात चालू ठेवावे लागते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधून दिले म्हणून तो खेळ गावोगाव एकसारखा खेळता येऊ लागला. सेंडाबाईंनी मुलींच्या बास्केटबॉलसाठी तेच काम केले. त्यांच्या नियमांमुळे एकटीदुकटी दांडगी मुलगी सगळा चेंडू आपल्याकडे ठेवू शकत नसे. चेंडू पुढे द्यावाच लागे, म्हणजे संघातल्या प्रत्येकीच्या हाती तो यायचाच. १८९९ मध्ये स्प्रिंगफील्डला भरलेल्या परिषदेत मुलींसाठी एकच नियमावली ठरवण्याचे काम एका समितीकडे आले. ती नियमावली सेंडाबाईंच्या संपादनाखाली १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे १९१७ पर्यंत त्या या कामात होत्या.

सेंडाबाईंची दुसरी गोष्ट मात्र आजच्या खेळाडूंना खटकेल. त्यांना आंतरमहाविद्यालयीन सामने पसंत नव्हते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एप्रिल १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला आणि स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. स्मिथ कॉलेजात मात्र सामने वर्गावर्गांतच होत. कारण सेंडाबाईंचा हिशोब वेगळा होता. बाहेर संघ न्यायचा म्हटले की दहा चांगल्या मुली निवडल्या जातात, त्यांच्यावरच सगळी मेहनत होते आणि बाकीच्या शेकडो मुली टाळ्या वाजवायला उरतात. त्यांना प्रत्येक मुलगी मैदानात हवी होती. अशक्त मुलींसाठी त्यांनी वेगळे व्यायाम बसवले, तलवारबाजी शिकवायला आणली, लोकनृत्ये सुरू केली, कॉन्स्टन्स ॲपलबी या इंग्रज शिक्षिकेकडून मुलींना हॉकी शिकवली. मध्यंतरी १८९७ मध्ये त्या स्वतः स्टॉकहोमला जाऊन तिथल्या प्रसिद्ध व्यायामसंस्थेत शिकूनही आल्या.

त्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांनी आखलेल्या रेषांचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. खेळ वाचवण्यासाठी घातलेले कुंपण काळ बदलला तरी निघाले नाही. मैदानाचे तीनाचे दोन भाग व्हायला १९३८ साल उजाडले, आणि मुलींना मुलांप्रमाणे पूर्ण मैदानभर पाचजणींनी खेळण्याची मुभा अमेरिकेत १९७१ मध्ये मिळाली. दरम्यान मुली नाजूक असतात हा जुना समज पुन्हापुन्हा डोके वर काढत राहिला. मिसिसिपी राज्यातील डेल्टा स्टेट कॉलेजने १९३२ मध्ये हा खेळ मुलींना झेपणारा नाही असे ठरवून मुलींचा संघच बंद केला. त्या संघातल्या मार्गारेट वेड आणि तिच्या मैत्रिणींनी संतापाने आपले खेळाचे पोशाख जाळून टाकले. चाळीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच कॉलेजने संघ पुन्हा उभा करायचे ठरवले आणि प्रशिक्षक म्हणून बोलावले ते याच मार्गारेटबाईंना! त्यांच्या संघाने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. मुलींना झेपणार नाही म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते असणार?

सेंडाबाईंनी १९११ मध्ये स्मिथ कॉलेजातीलच इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट ॲबट यांच्याशी विवाह केला आणि कॉलेजची नोकरी सोडली. तरीही शिकवणे सुटले नाही. गावातल्याच बर्नहॅम शाळेत त्यांनी १९२१ पर्यंत मुलींच्या व्यायामाचे काम पाहिले. यजमान १९२९ मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षांनी त्या कॅलिफोर्नियात सांता बार्बारा येथे बहिणीसोबत राहू लागल्या. तिथेच १६ फेब्रुवारी १९५४ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लहानपणी सतत आजारी असणाऱ्या मुलीला असे दीर्घ आयुष्य लाभले.

ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल १९७६ साली मॉन्ट्रियल येथे प्रथम खेळले गेले. ते पाहायला सेंडाबाई नव्हत्या. पुढे १९८५ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या गौरव दालनात पहिल्यांदाच स्त्रियांची नावे लागली. तीन नावांपैकी एक सेंडाबाईंचे आणि एक मार्गारेट वेड यांचे होते. एकीने मुलींना जपण्यासाठी रेषा आखल्या. दुसरीने मुलींना जपण्याची गरज नाही हे दाखवून दिले. आम्हांला वाटते, पहिलीने खेळ जिवंत ठेवला म्हणूनच दुसरीला तो खेळता आला.

आपल्या देशाच्या मुलींनीही या खेळात नाव काढले आहे. २०१७ मध्ये बेंगळुरूला झालेल्या महिला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात भारताने अजिंक्यपद मिळवून वरच्या गटात प्रवेश केला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, याचा आपल्याला विशेष आनंद वाटावा.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. पाचवी-सहावीपर्यंत मुली मैदानात लंगडी, खो-खो, लेझीम सगळ्यांत पुढे असतात. आठवी-नववी आली की एकेक करून त्या कमी होतात. कधी क्लासची वेळ आडवी येते, कधी आईबाबांची शिफ्ट, कधी लोक काय म्हणतील ही भीती, तर कधी आता मोठी झालीस हे एक वाक्य. आपण मुलींना जपण्यासाठीच हे करतो, यात शंका नाही. पण जपण्यासाठी आखलेली रेषा केव्हा पुसायची हेही आपणच ठरवायचे असते. पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, खेळाचा तास हा अभ्यासातून चोरलेला वेळ समजू नका. आपली मुलगी पदक आणेल की नाही हा प्रश्न नंतरचा, ती मैदानात आहे ना, हे आधी पाहा.

आणि मैत्रिणींनो, खेळ जमत नाही म्हणून काठावर बसू नका. ज्या बाईंनी मुलींना बास्केटबॉल शिकवले, त्यांनाही सुरुवातीला साधी कवायत जमत नव्हती.