महामना मालवीय : समाजाच्या पैशाचे विश्वस्त

दान देणे हे पुण्यकर्म आहे, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. दान मागणे आणि मिळालेले दान सांभाळणे हीसुद्धा एक साधनाच आहे, याची जाणीव मात्र आपल्याला क्वचितच असते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विचार आला आहे. यांतील पात्र म्हणजे दान घेणारा. दात्याने पात्र पारखावे हे जितके खरे, तितकेच घेणाऱ्याने आधी स्वतःला पात्र बनवावे, हेही खरे. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक महामना पंडित मदनमोहन मालवीय यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांच्या झोळीच्या आख्यायिका सर्वत्र सांगितल्या जातात. त्यांहून अधिक बोधप्रद आहे, ते झोळीत पडलेल्या पैशाचे पुढे काय झाले ते.

कथाकाराचे घर

मालवीयजींचा जन्म २५ डिसेंबर १८६१ रोजी प्रयाग येथे झाला. त्यांचे पूर्वज माळव्यातून आलेले, म्हणून आडनाव मालवीय. वडील पंडित ब्रजनाथ हे संस्कृतचे विद्वान आणि भागवताचे कथाकार होते. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. समाजाने श्रद्धेने दिलेल्या दक्षिणेवर घर चालते, हे त्यांनी बालपणापासून पाहिले होते. १८८४ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे शिकण्याची इच्छा होती. परंतु घरची अडचण ओळखून त्यांनी प्रयागच्या सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. पगार होता महिना ४० रुपये.

आश्रयदात्याशी अट

१८८६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात तरुण मालवीयजींचे भाषण गाजले. ते ऐकून कालाकांकरचे राजा रामपालसिंह यांनी त्यांना आपल्या ‘हिंदोस्थान’ या पत्राचे संपादकपद देऊ केले. मालवीयजींनी एक अट घातली. राजासाहेब मद्य प्यायलेले असतील, तेव्हा त्यांनी आपल्याला बोलावू नये. राजासाहेबांनी ती मान्य केली. काही काळाने ती मोडली गेली, तेव्हा मालवीयजींनी तक्रार न करता पद सोडले. राजासाहेबांनीही मनात राग धरला नाही. पुढे मालवीयजींच्या वकिलीच्या शिक्षणाला त्यांनी साहाय्यच केले.

प्रसंग लहान आहे; पण पुढे राजेमहाराजांच्या दारी शेकडो वेळा जाणाऱ्या या माणसाची वृत्ती त्यातून कळते. दात्याबद्दल मनात कृतज्ञता असावी, पण त्यापायी आपले तत्त्व गहाण पडू नये, हे त्यांनी पंचविशीतच ठरवून टाकले होते.

आधी स्वतःचे दान

१८९१ मध्ये ते वकील झाले आणि थोड्याच वर्षांत अलाहाबादच्या उच्च न्यायालयात त्यांचा चांगला जम बसला. या काळातच त्यांनी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयागला वसतिगृह उभारण्याकरता निधी जमवला. त्यातून मोठ्या कार्यासाठी लागणारा अनुभव आला. १९०४ मध्ये काशीनरेशांच्या अध्यक्षतेखालील सभेत त्यांनी हिंदू विश्वविद्यालयाची कल्पना मांडली. १९०५ मध्ये योजनेचा आराखडा छापून निघाला आणि जानेवारी १९०६ मध्ये प्रयागच्या कुंभमेळ्यात ती साधुसंत आणि विद्वानांपुढे ठेवली गेली.

त्यानंतर काही वर्षे काम मंदावले. अखेर १९११ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, मालवीयजींनी भरभराटीची वकिली सोडण्याचा निश्चय केला. लोकांकडे हात पसरण्यापूर्वी त्यांनी स्वतःजवळचे सर्वांत मोठे उत्पन्न या कार्याला अर्पण केले. पुढे १९१९ पासून सुमारे दोन दशके ते विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. त्या पदाचे वेतन त्यांनी घेतले नाही.

पैसा व्यक्तीकडे नव्हे, संस्थेकडे

त्या वेळी काशीत विश्वविद्यालय व्हावे, अशी इच्छा धरणारे मालवीयजी एकटे नव्हते. डॉ. अॅनी बेझंट यांनी १८९८ मध्ये तेथे सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू केले होते आणि त्यांचीही विद्यापीठाची योजना होती. दरभंग्याचे महाराज रामेश्वरसिंह यांची आणखी एक होती. तिघांनी आपापला आग्रह सोडून एकच योजना केली. एकाच समाजाकडे एकाच कार्यासाठी तीन झोळ्या गेल्या असत्या, तर दाते गोंधळले असते आणि कार्यकर्ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले असते.

डिसेंबर १९११ मध्ये हिंदू युनिव्हर्सिटी सोसायटीची रीतसर नोंदणी झाली. दरभंगा महाराज अध्यक्ष आणि सर सुंदरलाल सचिव झाले. देशभर फिरून मागण्याचे काम मालवीयजींचे. मात्र देणगीची मालकी सोसायटीची. ज्याच्या शब्दावर लोक पैसे देतात, त्याच्या खाजगी हाती ते राहू नयेत, ही रचना सुरुवातीपासूनच होती. संस्थानिक, जमीनदार, व्यापारी यांच्याप्रमाणेच सामान्य माणसांनीही यथाशक्ती दिले. मालवीयजींच्या हयातीत ही रक्कम एक कोटीच्या पुढे गेली.

बीज राखून पीक खावे

१ ऑक्टोबर १९१५ रोजी काशी हिंदू विश्वविद्यालयाचा कायदा संमत झाला. निधीच्या बाबतीत हा कायदा आजही वाचण्यासारखा आहे. विश्वविद्यालयाने ५० लाख रुपये कायम निधी म्हणून सुरक्षित रोख्यांत गुंतवून ठेवावेत आणि त्याच्या उत्पन्नातून नेहमीचा खर्च भागवावा, असे बंधन त्यात होते. संस्थानिकांनी कायमची वार्षिक देणगी दिली असेल किंवा संस्थेला जमिनीचे उत्पन्न मिळत असेल, तर त्याचे भांडवली मूल्य ठरवून तेवढी रक्कम या ५० लाखांतून वजा धरण्याची सोय होती. हिशेबाची नियमित तपासणी व्हावी आणि तपासलेला हिशेब प्रसिद्ध केला जावा, अशीही तरतूद होती.

यामागचा विचार शेतकऱ्याला सहज समजेल. बियाणे खाऊन टाकले, तर पुढच्या वर्षी पेरायचे काय? आज देणाऱ्या दात्याची इच्छा केवळ आजच्या विद्यार्थ्यापुरती नसते. त्याच्या नातवाच्या वयाच्या विद्यार्थ्यालाही त्याचा लाभ व्हावा, अशी असते. कायम निधी हे त्या इच्छेचे रक्षण होते.

दात्याचा हेतू जपणे

काही देणग्या विशिष्ट कामासाठी असतात. विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाची कथा आपणा मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांचे पुत्र प्रा. पां. का. तेलंग यांनी दिलेल्या ग्रंथसंग्रहातून १९१७ मध्ये या ग्रंथालयाचा आरंभ झाला. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भव्य वास्तूसाठी देणगी दिली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाच्या धर्तीवर ती बांधली गेली. सयाजीराव १९३९ मध्ये निवर्तले. वास्तू १९४१ मध्ये सिद्ध झाली. विचारणारा दाता हयात नव्हता, तरीही त्याची देणगी त्याच्या हेतूसाठीच वापरली गेली आणि त्याचे नावही जपले गेले.

दात्यांपुढे सत्य

४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सोहळ्यातील व्याख्यानांसाठी मालवीयजींनी गांधीजींना बोलावले होते. ६ फेब्रुवारीला गांधीजींनी दागिन्यांनी मढलेल्या संस्थानिकांना समोरासमोर सुनावले, की हे अलंकार देशबांधवांच्या कामी यावेत. हेच संस्थानिक विश्वविद्यालयाचे मोठे दाते होते. सभेत गोंधळ झाला, बेझंटबाईंनी गांधीजींना थांबवण्याचा प्रयत्न केला, अनेक मान्यवर उठून गेले. देणगी गोळा करणाऱ्यासाठी यापेक्षा अवघड क्षण कोणता असेल?

तरीही मालवीयजींनी गांधीजींशी नाते तोडले नाही. असहकाराच्या काळात सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्था सोडाव्यात, हे गांधीजींचे मत मालवीयजींना मान्य नव्हते. समाजाने दिलेल्या धनावर उभे राहिलेले विद्यालय त्यांनी बंद होऊ दिले नाही. पण नोव्हेंबर १९२० मध्ये गांधीजी काशीला आले, तेव्हा त्यांना विद्यार्थ्यांपुढे आपले म्हणणे मांडण्याची मोकळीक मिळाली. जानेवारी १९४२ मध्ये विश्वविद्यालयाच्या रौप्यमहोत्सवात भाषणासाठी पुन्हा गांधीजींनाच बोलावण्यात आले. ज्यांच्या शब्दांनी एकदा दाते दुखावले होते, त्यांच्यासाठी विद्येच्या मंदिराचे दार बंद झाले नाही. देणगी स्वीकारली म्हणजे सत्य बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार दात्याला दिला, असे होत नाही.

उत्साहाची किंमत

थोर पुरुषाचे चरित्र पाहताना त्याच्या मर्यादाही पाहाव्यात. मालवीयजींची स्वप्ने जमेपुढे धावत. अभियांत्रिकी, आयुर्वेद, स्त्रियांचे महाविद्यालय, वसतिगृहे असा विस्तार झपाट्याने झाला आणि संस्थेवर कर्जाचा भार आला. त्यावर टीकाही झाली. कायम निधीची शिस्त किती आवश्यक होती, हे यावरूनच कळते. मालवीयजींच्या हेतूविषयी मात्र शंकेला जागा नव्हती. जी ओढाताण झाली, ती विद्यार्थ्यांसाठी झाली. त्यांच्या स्वतःच्या घरासाठी नव्हे. थकल्या शरीराने ते पुन्हा पुन्हा झोळी घेऊन बाहेर पडत राहिले. अखेर १९३९ मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्याकडे कुलगुरुपद सोपवून ते निवृत्त झाले. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी काशीत त्यांनी देह ठेवला. २०१४ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ जाहीर झाले.

आपल्यासाठी बोध

आपल्यापैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या सेवाकार्यासाठी वर्गणी मागतात. कुणी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, कुणी अन्नछत्रासाठी, कुणी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी. रक्कम शेकड्यांत असो वा लाखांत, मालवीयजींच्या जीवनातील नियम तेच राहतात. मागण्यापूर्वी आपण स्वतः काय दिले, हे पाहावे. पैसा आपल्या खिशात न ठेवता संस्थेकडे जमा करावा. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि हिशेब मागण्याची वाट न पाहता तो लोकांपुढे ठेवावा. ज्या कामासाठी मागितले, त्याच कामासाठी खर्च करावे. मोठ्या दात्याचा मान राखावा. पण त्याच्यासाठी तत्त्व वाकवू नये आणि लहान दात्याला विसरू नये.

समाजाचे धन हे ईश्वराची ठेव आहे, असे आपण म्हणतो. ठेव सांभाळणाऱ्याने ती आपली समजायची नसते आणि तिच्याबाबत निष्काळजीही राहायचे नसते. महामना मालवीयजींनी हा कर्मयोग आयुष्यभर आचरला. पुढच्या वेळी पावतीपुस्तक हाती घेताना त्यांचे स्मरण ठेवू या.