शल्यविशारद जॉन हंटर

पुस्तकांचा कंटाळा हा विद्यार्थ्याचा मोठा दोष होय. जॉन हंटरच्या ठायी तो पुरेपूर होता. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराजवळ १७२८ साली जन्मलेले हे दहा भावंडांतील शेंडेफळ. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळेला रामराम ठोकला व मुंग्या, मधमाश्या, पक्षी निरखीत तो रानोमाळ हिंडू लागला. १७४८ साली थोरला भाऊ विल्यम याच्या लंडनमधील शरीररचनेच्या पाठशाळेत प्रेतांचे विच्छेदन करण्याच्या कामी तो रुजू झाला आणि पुस्तकात न रमलेले त्याचे मन तेथे कायमचे रमले.

काही वर्षे लष्करात शल्यवैद्यकी केल्यावर १७६८ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्याची नेमणूक झाली. १७८५ मधील त्याची एक शस्त्रक्रिया विख्यात आहे. एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नलिका, फुग्यासारखी फुगली होती. अशा रोग्याचा पाय बहुधा कापूनच टाकावा लागे. हंटरने ती रोहिणी वर मांडीतच बांधली. आसपासच्या बारीक रोहिण्यांनी रक्ताचा भार उचलला आणि गाडीवानाचा पाय वाचला.

ज्ञानाच्या हव्यासापायी त्याचे पाऊल वाकडेही पडले. चार्ल्स बर्न नावाच्या धिप्पाड आयरिश मनुष्याने, आपले प्रेत वैद्यांच्या हाती लागू नये, अशी इच्छा व्यक्त केली होती. १७८३ मध्ये तो मरताच हंटरने पैसे चारून ते मिळवले आणि त्याचा सांगाडा आपल्या संग्रहात ठेवला. हे कृत्य थोरवीच्या पांघरुणाखाली झाकण्यासारखे नाही.

१७७२ साली हंटरने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. धडधाकट असताना अकस्मात मेलेल्या माणसांच्या जठराची भिंत कित्येकदा विरघळलेली आढळे. हा रोग नसून मरणानंतर जठररसानेच केलेले काम आहे, हे त्याने ओळखले. अन्न पचविणारा रस खुद्द देहालाही पचवू शकतो. मात्र जिवंत जठर त्याला दाद देत नाही! त्या रसातील पेप्सिन हे द्रव्य पुढे १८३६ मध्ये श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने शोधले. अशा द्रव्यांना आज आपण एन्झाइम किंवा विकर म्हणतो.

पुढच्याच वर्षी हंटरच्या छातीत पहिली कळ आली. स्वभाव मूळचाच तापट. संताप अनावर झाला की कळ उठे. एडवर्ड जेन्नर, पुढे देवीच्या लसीमुळे अमर झालेला त्याचा आवडता शिष्य. हृदयशूलाने मेलेल्या एका रोग्याच्या हृदयाच्या रोहिण्या कठीण झालेल्या त्याने पाहिल्या आणि गुरूचा रोगही तोच, हे ताडले. परंतु गुरूला क्लेश होतील म्हणून ते त्याने जाहीर केले नाही. त्या काळी या रोगावर खरा उपायच नव्हता; त्यामुळे त्या मौनाला मला तरी दोष देववत नाही.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत कोणी त्याचे म्हणणे खोडून काढले. हंटर रागाने शेजारच्या खोलीत गेला आणि तेथेच कोसळून गतप्राण झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या हाडासारख्या झालेल्या दिसल्या. जेन्नरचा तर्क अचूक ठरला.

रोहिणीच्या भिंतीत मेदाचे थर साचतात व त्यांवर कोलॅजेनच्या धाग्यांचे आवरण चढते. हे आवरण जाड असेल तोवर रोगी तग धरतो. परंतु मेद गिळण्यास तेथे जमलेल्या भक्षक पेशी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे सोडतात आणि ती कोलॅजेनचे धागे तोडतात. आवरण झिजून झिजून पातळ होते. मग संतापाने वा श्रमाने रक्तदाब चढण्याचे निमित्त पुरते. आवरण फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी धरते व वाट बुजते. या थरांच्या कमकुवत भागांत ही विकरे कार्यरत असल्याचे अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. त्यांना आवर घालणारी द्रव्येही शरीर स्वतःच तयार करते. दोहोंचा तोल राहिला तर आवरण टिकते, ढळला तर जिवंत माणसाच्या रोहिणीची भिंतही विकरांपुढे विरघळू लागते.