ललिता पवार

जुने हिंदी चित्रपट पाहताना एक चेहरा तुम्ही नक्की पाहिला असेल. डोक्यावर पदर, कपाळावर आठ्या, ओठ आवळलेले आणि एक डोळा बारीक. ही बाई पडद्यावर आली, की आता सुनेचे काही खरे नाही, हे प्रेक्षक लगेच ओळखत. या अभिनेत्रीचे नाव ललिता पवार. तो बारीक डोळा ही काही त्यांची अभिनयाची लकब नव्हती. ती एका अपघाताची खूण होती.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले या गावी झाला. येवले हे पैठणी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांचे वडीलही रेशमी व सुती कापडाचा व्यापार करत. मुलीचे नाव अंबा ठेवले होते. घरचे तिला अंबू म्हणत. लहान असतानाच ती वडिलांबरोबर पुण्याला गेली आणि तेथे तिला चित्रपटात काम मिळाले. त्या काळी चांगल्या घरच्या मुलींनी चित्रपटात जाणे लोकांना पसंत नव्हते. तरीही अंबूने काम सोडले नाही. पुढे ती नायिका झाली. अंबूची ललिता झाली आणि लग्नानंतर ललिता पवार.

तो मूकपटांचा काळ होता. पात्रे पडद्यावर दिसत, पण त्यांचे बोलणे ऐकू येत नसे. १९३१ साली बोलपट आला आणि सारेच बदलले. नुसता चेहरा पुरेना, आता भाषा हवी, आवाज हवा. मराठी घरात वाढलेल्या या मुलीला हिंदुस्थानी संवाद बोलावे लागले. १९३५ सालचा त्यांचा एक बोलपट होता 'हिम्मत-ए-मर्दां'. या नावाचा अर्थ तुम्हांला समजावून सांगायला नकोच! त्यात त्या गायल्यासुद्धा. १९३७ साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा चित्रपट काढला आणि त्यात भूमिकाही केली. तो टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेला होता.

आता ती अपघाताची गोष्ट. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात भगवान या नटाने ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. चित्रपटातली थप्पड खोटी असते. हात गालाजवळून निघून जातो, इतकेच.  भगवान यांचा अंदाज चुकला आणि थप्पड जोरात बसली. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याजवळची शीर दुखावली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. दीर्घकाळ उपचार झाले. चेहरा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

त्या वेळी त्यांचे वय होते सव्वीस. नायिकेच्या कामांसाठी देखणा चेहरा लागे, आणि तो तर बिघडला होता. घरी बसावे, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते नवल नव्हते. ललिताबाई घरी बसल्या नाहीत. नायिकेच्या भूमिका गेल्या, तर दुसऱ्या घेऊ, असे त्यांनी ठरवले.

१९४४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' हा चित्रपट आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. मराठीत 'ध चा मा करणे' असा वाक्प्रचार आहे. पेशवे नारायणराव यांना 'धरावे' असा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला, म्हणजे 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. एका नुक्त्याने शब्दाचा अर्थ कसा पालटतो, हे उर्दू वाचणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. नारायणरावांचा खून १७७३ साली झाला. अशा कपटी बाईची भूमिका करताना तो बारीक डोळा ललिताबाईंच्या उपयोगी पडला. ज्या डोळ्याने नायिकेची कामे घालवली, त्याच डोळ्याची पडद्यावर लोकांना भीती वाटू लागली.

मग खाष्ट सासूच्या भूमिका येतच राहिल्या. व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी अशी उभी केली, की प्रेक्षक चिडत. नटीला याहून मोठी दाद कोणती मिळणार?

पण त्यांना फक्त दुष्ट बाईच साधत होती, असे नाही. 'श्री ४२०' (१९५५) मध्ये त्या केळेवाली झाल्या. मुंबईत नव्याने आलेल्या, खिशात दमडी नसलेल्या तरुणाला ती माया देते. रबाळ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या अशा मावशी तुम्हीही पाहिल्या असतील. बोलणे फटकळ, पण एखादे केळे जास्त देणाऱ्या.

मला विचाराल तर त्यांची सर्वांत सुंदर भूमिका 'अनाडी' (१९५९) मधली. मिसेस डिसा ही घरमालकीण भाडेकरू राजला सारखी रागावते, आणि मनातून त्याला मुलगाच मानते. पुढे ती खराब औषध घेतल्यामुळे मरते, आणि राजवरच आळ येतो. आयुष्यभर सासू म्हणून शिव्या खाणाऱ्या ललिताबाईंनी या मिसेस डिसासाठी लोकांना रडवले. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये त्या रुग्णालयातील मेट्रन झाल्या. गंमत अशी, की तिचेही आडनाव डिसाच होते.

वय झाले तरी काम थांबले नाही. १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. कैकेयीचे कान भरणारी दासी मंथरा म्हणून ललिताबाई घराघरांत पोहोचल्या. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिला नव्हता, अशी लहान मुलेही त्या वाकलेल्या म्हातारीला घाबरू लागली.

शेवटची वर्षे त्यांनी पुण्यात काढली. तेथेच औंध येथील घरी २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. २०२० साली टाळेबंदीत सगळे घरात अडकले होते, तेव्हा दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले. आजी, आई आणि नातवंडे एकत्र बसली, आणि तो बारीक डोळा पुन्हा एकदा पडद्यावर आला.